व्हीएस कोड : एकाच प्रकल्पात अक्षरे बारीक राहत असतील तर

आपण लिहिले आहे की व्हीएस कोड या कोड लिहिण्याच्या एडिटरमध्ये अक्षरांचा आकार 14 वरून 18 केला, तो इतरत्र लागू झाला, पण कचेरीतल्या एका प्रकल्पात अक्षरे मुंगीएवढीच राहिली. ते वाचताना मला माझेच वाया गेलेले तीन आठवडे आठवले.

सेटिंग्ज उघडता येतात हे गृहीत धरतो. तिथे वरच्या बाजूला 'यूजर' आणि 'वर्कस्पेस' असे दोन टॅब असतात. आपण बदल केला असणार तो पहिल्यात. दुसऱ्यात वेगळा आकडा असेल, तर त्या फोल्डरपुरता तोच चालतो. माझ्या बाबतीत एका सहकाऱ्याने स्वतःच्या सोयीचा 11 हा आकडा प्रकल्पातल्या 'डॉट व्हीएसकोड' फोल्डरमधील फाइलमध्ये लिहून ती फाइल गिटमध्ये, म्हणजे गटाचा सामायिक कोड जिथे राहतो तिथे, चढवली होती, त्यामुळे त्याची आवड आम्हा सर्वांच्या डोळ्यांवर लादली गेली.

हे मला उशिरा कळले, कारण मी आधी तक्रार नोंदवली तेव्हाच्या कंपनीच्या संगणक-मदत विभागाकडे. त्यांनी एडिटर दोनदा काढून पुन्हा बसवला, ज्याचा उपयोग होणे शक्यच नव्हते, कारण प्रकल्पाची सेटिंग प्रकल्पातच असते. मग त्यांनी पडद्याचे रिझोल्यूशन 1920 बाय 1080 वरून 1366 बाय 768 वर आणले. अक्षरे मोठी झाली खरी, पण कडा पुसट झाल्या आणि संध्याकाळी डोके ठणकू लागले. तक्रारीवर मात्र 'समस्या सुटली' असा शेरा पडला. वर 'साहेब, एकदा चष्म्याचा नंबर तपासून घ्या' हा सल्ला मिळाला, तो मी ऐकला, आणि नंबर होता तेवढाच निघाला.

सर्वांत महागात पडलेली चूक अर्थात माझीच. वैतागून मी कंट्रोल आणि अधिकचे चिन्ह तीनदा दाबले. त्याने केवळ अक्षरे नव्हे, मेनू आणि बाजूच्या पट्ट्यांसह अख्खी विंडो मोठी होते, आणि प्रत्येक पायरीला वीस टक्के चढत असल्याने तीन पायऱ्यांत सगळे जवळपास पावणेदोन पट होते. कोडला जागा उरली नाही, प्रत्येक ओळ आडवी सरकवून वाचावी लागे, आणि दुसरा प्रकल्प उघडला की तिथली अक्षरे राक्षसी दिसत. आधी हा झूम शून्यावर आणावा, असे माझे ठाम मत आहे.

त्यानंतर सेटिंग्जमध्ये 'फॉन्ट साइझ' शोधा. हा आकडा वर्कस्पेसमध्येही बदललेला आहे अशी बारीक नोंद नावाशेजारी दिसेल. तो आकडा गटाला विचारून काढून टाका. गट ऐकणारा नसेल, तर कमांड पॅलेटमधील, म्हणजे आज्ञा नावाने शोधायच्या चौकटीतील, 'इन्क्रीज एडिटर फॉन्ट साइझ' (जुन्या आवृत्त्यांत 'एडिटर फॉन्ट झूम इन') वापरा. त्याने फक्त कोडची अक्षरे वाढतात. हे माझ्या विंडोजवरच्या अनुभवावरून सांगतो आहे. मॅकवर मूळ आकार 12 असतो आणि कंट्रोलऐवजी कमांड कळ लागते.

टर्मिनलच्या, म्हणजे एडिटरमधल्या आज्ञा टंकण्याच्या खिडकीच्या, अक्षरांचा आकार वेगळा ठरवावा लागतो. आणि कोडमध्ये मराठी मजकूर असेल, तर 'लाइन हाइट', म्हणजे ओळीची उंची, अक्षरांच्या आकाराच्या 1.6 पटीच्या आसपास ठेवून पाहा. माझ्याकडे त्याखाली वेलांट्यांचे माथे आणि उकारांची शेपटे छाटली जात होती, आणि 'कि' की 'की' हे ओळखण्यासाठी मी नाक पडद्याला लावून बसत असे.