दोनशे विद्यार्थ्यांना घेऊन सार्वजनिक उद्यानाची स्वच्छता करायची आहे. कोणते साहित्य लागेल, कामाची विभागणी कशी करावी आणि प्रमाणपत्र द्यावे का?

आपण प्रश्नाच्या तपशिलात लिहिले आहे की एका दिवसात उद्यान ‘चकाचक’ करायचे आहे आणि जो गट सर्वांत जास्त पोती कचरा गोळा करील त्याला बक्षीस द्यायचे आहे. हे वाचल्यावर उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही. पोत्यांवर बक्षीस देण्याची कल्पना कृपया आजच सोडून द्या. महाविद्यालयात शिकवत असताना मी अनेक वर्षे विद्यार्थ्यांचा एक लहानसा गट घेऊन एका उद्यानात काम करत असे, आणि या कल्पनेमुळे काय घडते ते मी डोळ्यांनी पाहिले आहे.

त्या उद्यानाच्या एका कडेला मोठ्या झाडांच्या सावलीलगत नवी रोपे लावलेली होती आणि ती जगवण्याचे काम तेथील माळ्यांनी विश्वासाने आमच्याकडे सोपवले होते. मोठ्या झाडांचा जो पाला गळत असे, तोच आम्ही रोपांच्या आळ्यांत चार बोटे जाडीने पसरत असू. खोडाला लागून मात्र पाला येऊ देत नसू, कारण खोडाशी सतत ओल राहिली की साल कुजते. पाल्याच्या या आच्छादनामुळे माती तापत नाही, ओल टिकते, तण दबते आणि कुजलेल्या पाल्याचे खत त्याच मातीला मिळते. हे सारे आम्हाला माळ्यांनी शिकवले आणि विद्यार्थ्यांनी ते मनापासून केले. उन्हाळा तोंडावर आलेला असताना महाविद्यालयाने मोठी स्वच्छता मोहीम जाहीर केली आणि सर्वाधिक पोती भरणाऱ्या गटासाठी चषक ठेवला. खरा कचरा, म्हणजे पिशव्या, बाटल्या, वेष्टने, सकाळीच उचलून झाला. पोती तर अजून भरायची होती, तेव्हा खराटे आमच्या रोपांकडे वळले. माळी आडवे आले, हा पाला मुद्दाम टाकलेला आहे असे त्यांनी परोपरीने सांगितले. पण मुलांच्या उत्साहावर पाणी टाकू नका, असे त्यांनाच ऐकवण्यात आले. दुपारपर्यंत सगळी आळी खरवडून स्वच्छ झाली, आणि नीटनेटके दिसावे म्हणून प्रत्येक खोडाभोवती मातीचा ढीग चढवण्यात आला. भरलेल्या पोत्यांपुढे सर्वांचे छायाचित्र निघाले. त्यानंतर ऊन वाढत गेले तसे घातलेले पाणी त्या उघड्या मातीत टिकेना, जमिनीला भेगा पडल्या आणि आम्ही शक्य तेवढी धावपळ करूनही त्यांतील बरीच रोपे वाळून गेली. मी मोहिमेच्या संयोजकांकडे हा विषय काढला तेव्हा पालापाचोळा हा कचराच असून लोकांना उद्यान स्वच्छ दिसले पाहिजे, एवढेच उत्तर मिळाले. आमचा हा वाद आम्ही दोघे निवृत्त होईपर्यंत मिटला नाही.

माझे म्हणणे आजही तेच आहे. झाडाखालचा पाला हा कचरा नाही, आणि उद्यानाची निगा किती माल बाहेर काढला यावर मोजता येत नाही. आपल्या दोनशे विद्यार्थ्यांबाबत माझा आक्षेपही याच अंगाने आहे. झाडाची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे बहुतांशी जमिनीच्या वरच्या फूटभर थरात असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेरपर्यंत पसरलेली असतात. त्या जमिनीवर, विशेषतः ती ओली असताना, शेकडो पावले एकाच वेळी फिरली की माती घट्ट दबते आणि हवा व पाणी आत जाण्याच्या वाटा बंद होतात. हे नुकसान त्या दिवशी कोणालाच दिसत नाही, म्हणून त्याची चर्चाही होत नाही.

एकाच दिवसाच्या मोहिमेचा उपयोग कधीच नसतो, असे मात्र मी म्हणणार नाही. एस्टोनियात 2008 साली सुमारे 50,000 स्वयंसेवकांनी एका दिवसात देशभरातून जवळपास 10,000 टन कचरा उचलला. पण तो रानावनांत बेकायदा टाकलेला कचरा होता आणि उचलण्यापलीकडे तेथे दुसरे काम नव्हते. उद्यान ही रोज बदलणारी, जिवंत जागा आहे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये 1996 पासून उद्यानाचे विभाग पाडून प्रत्येक विभाग एका माळ्याच्या स्वाधीन करण्याची पद्धत सुरू झाली आणि स्वयंसेवक त्या माळ्याच्या देखरेखीखाली काम करू लागले. कामाची विभागणी आपण विचारलीच आहे, तर ती याच पद्धतीने करावी. दहा-बारा विद्यार्थ्यांना एक ठरावीक तुकडा वर्षभरासाठी द्यावा, नव्या रोपांना पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात पाणी लागते हे लक्षात घेऊन परीक्षेच्या आणि सुट्टीच्या काळातील पाळ्या आधीच लावून घ्याव्यात, आणि माळी सांगतील त्याखेरीज एकही फांदी किंवा तण कोणी काढू नये.

साहित्याबद्दल फार लिहीत नाही. जाड हातमोजे, खुरपी, घमेली, झाऱ्या आणि काच-सुयांसाठी कडक भिंतींचा डबा एवढे असले तरी काम चालते. एक वही मात्र अवश्य ठेवावी. अमेरिकेतील टेक्सास राज्यात 1986 साली समुद्रकिनारा स्वच्छ करणाऱ्या स्वयंसेवकांनी उचललेल्या वस्तूंची प्रकारवार नोंद केली, आणि पुढे ती पद्धत जगभरच्या किनारा स्वच्छतेत रुजली. कोणत्या बाकाजवळ कोणता कचरा पुन्हा पुन्हा सापडतो हे लिहून ठेवले, तर कचरापेटी कोठे हलवावी हे उद्यानाच्या अधिकाऱ्यांना पुराव्यानिशी सांगता येते.

पाल्याविषयी एक खुलासा करणे आवश्यक आहे. पायवाटांवरचा, हिरवळीवर दाट साचलेला आणि गटाराच्या जाळ्यांत अडकलेला पाला काढलाच पाहिजे, तसेच रोगट झाडाचा पाला आळ्यात टाकू नये. कोणत्या झाडाला रोग आहे हेही माळ्यांनाच विचारावे. काढलेला चांगला पाला जाळू नये, उद्यानातच खड्डा करून कुजवावा.

प्रमाणपत्र जरूर द्यावे, कारण विद्यार्थ्यांना त्याची गरज असते आणि त्यात कमीपणा काही नाही. मात्र ते वर्षअखेरीस द्यावे, आणि त्यावर प्राचार्यांच्या सहीबरोबर त्या तुकड्याची देखरेख करणाऱ्या माळ्यांचीही सही घ्यावी.