आहेराची वही आणि देवाची कृपा

चि. शलोमी हिस अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलायचे सोडून तू चार पाने भरून पत्र लिहिलेस, तेव्हा उत्तरही लिहूनच द्यायला हवे. तुझा प्रश्न थोडक्यात असा. मावसभावाच्या लग्नात मांडवाच्या तोंडाशी एक गृहस्थ वही घेऊन बसले होते आणि येणाऱ्या प्रत्येकाचे पाकीट उघडून नाव, गाव व रक्कम लिहून घेत होते. दोन दिवसांनी आजीने माझ्या लग्नातली जुनी वही ट्रंकेतून काढली आणि अमक्या घरून तेव्हा काय आले होते ते पाहून त्या घरच्या कार्याचा आहेर ठरवला. त्याच आठवड्याच्या रविवारी सुगीच्या सणाच्या उपासनेत पाळकसाहेबांनी सांगितले की देवाचे दान फुकट आहे, त्याची परतफेड कोणालाही करता येत नाही. आणि उपासना संपल्यावर याच आजीने स्वतःच अर्पण केलेला भोपळा लिलावात बोली लावून तीनशे रुपयांना विकत घेतला. “मग देवाची वही कोण लिहितं?” असे तू विचारतेस. शेवटी, तुला गाता येत नसल्यामुळे तुझ्या वाट्याला एकही कृपादान, म्हणजे देवाने कृपेने दिलेला गुण, आलेले दिसत नाही, अशी तक्रारही जोडली आहेस.

आधी वहीबद्दल. तिला हसू नकोस. नगरसारख्या दुष्काळी मुलखात, जिथे एका लग्नापायी घर सावकाराच्या दारात जाऊन उभे राहत असे, तिथे पन्नास घरांनी थोडे थोडे घालून एकाचे कार्य पार पाडायचे आणि आपल्या घरी कार्य निघाले की तेवढेच परत यायचे, ही गरिबांनी आपसांत केलेली बिनव्याजी सोय होती. तिच्यात लोभ नाही. उलट, कोणी कोणाच्या उपकाराखाली दबून राहू नये याची काळजी आहे. पण ही सोय बरोबरीच्या माणसांपुरतीच चालते. माझी एक चुलत आत्या ऐन तरुणपणी विधवा झाली होती. भावकीतल्या लग्नाला ती चर्चमध्ये येई, शेवटच्या बाकावर बसे, नवरानवरीला दुरून आशीर्वाद देई, आणि पंगत बसायच्या आत मागल्या वाटेने घरी जाई, कारण वहीत लिहिण्याजोगे तिच्याजवळ काही नसे. तिला कोणी हाकलले नव्हते. वहीने तिला जागा ठेवली नव्हती, इतकेच.

लूकच्या शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय काढून पाहा. एका परूश्याच्या, म्हणजे धर्मशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुद्याच्या, घरी जेवायला बसलेला येशू यजमानालाच सांगतो की मेजवानी करशील तेव्हा मित्रांना, भाऊबंदांना आणि श्रीमंत शेजाऱ्यांना बोलावू नकोस, कारण तेही तुला बोलावतील आणि फिटंफाट होईल. गरीब, लंगडे, आंधळे यांना बोलाव, कारण तुझी फेड करायला त्यांच्याजवळ काही नाही. हे सांगताना तो केवळ दानधर्माचा धडा देत नव्हता. देवाच्या घरची पंगत कशी असते तेही त्यातून सांगत होता. तिथे आपण सगळेच त्या आत्याच्या जागी असतो, आणि तरीही आपल्याला हात धरून पानावर बसवले जाते. प्रेषित पौल इफिसच्या ख्रिस्ती मंडळीला लिहितो की तुमचे तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे झाले आहे. ते तुमच्या हातून झालेले नाही, देवाचे दान आहे, आणि कोणी आढ्यता बाळगू नये म्हणून ते कर्मांवर ठेवलेले नाही.

हे वचन तू वाढलीस तिकडच्या रविवारच्या शाळेत सगळ्या मुलांना पाठ असते, पण आपल्या जिल्ह्यात ते काय घेऊन आले हे तुला तिकडच्या पुस्तकांत मिळणार नाही. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला काम सुरू केले. पुढे ज्या घरांनी ख्रिस्ती धर्म घेतला त्यांतली बहुतेक, आपल्या घरासकट, गावाच्या वेशीबाहेरची होती. तुमचा जन्मच तुमच्या मागल्या कर्मांची नोंद आहे, असे पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलेल्या माणसाला ‘कर्मांनी नव्हे’ हे दोन शब्द कसे लागले असतील याचा विचार कर. त्यांच्या अंगावर जन्माआधीच लिहून ठेवलेले खाते त्या दोन शब्दांनी फाडून टाकले. ही माणसे दुष्काळात भाकरीसाठी बाटली, असा टोमणा तेव्हाही मारला जाई आणि आजही मारला जातो. भुकेल्याला अन्न देताना त्याच्या मानेवर धर्माची अट ठेवणे हे कृपेच्या अगदी उलट आहे, आणि जिथे तसे झाले असेल तिथे त्याची लाज आपणच बाळगली पाहिजे. पण भाकरीसाठी आलेला माणूस दुष्काळ सरल्यावरही, गावाचा रोष सोसून, तीन-चार पिढ्या का टिकून राहिला, याचे उत्तर त्या टोमण्यात नाही.

कृपेची ही गोष्ट पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात फार स्वच्छ दिसते. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. कुटुंबाला घेऊन तीर्थे फिरत, पुराणे सांगत, आणि पुण्य पदरी पडावे म्हणून जवळचे होते-नव्हते ते दानात देत. पुढे दुष्काळात खायला दाणा उरला नाही. १८७४ मध्ये आईवडील गेले, त्यांच्यामागून बहीणही गेली. सांगितलेली व्रते, उपास आणि दाने सगळी पार पाडूनही हाती काही लागले नाही, हे रमाबाईंनी उपाशीपोटी पाहिले होते. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याच सुमारास लंडनमधल्या फुलम येथे, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना मायेने सांभाळणाऱ्या ख्रिस्ती भगिनींचे काम त्यांनी पाहिले आणि या बायकांवर तुम्ही एवढे प्रेम का करता, असे त्यांना विचारले. उत्तरादाखल त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी बाईची, म्हणजे इतरांनी हीन मानलेल्या जिच्याशी येशू आपण होऊन बोलला तिची, गोष्ट वाचून दाखवण्यात आली. तरीसुद्धा, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, हे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी उमगले, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. इतकी वर्षे त्या नव्या धर्मातही जुनेच करत होत्या, म्हणजे चांगले वागून देवाचे देणे फेडत होत्या. हे माझे वाचन, पण ते चुकीचे असेल असे मला वाटत नाही, कारण जन्मापासून चर्चमध्ये वाढलेली आपल्यातली पुष्कळ माणसे मरेपर्यंत तेच करताना मी पाहिली आहेत. १८९६-९७ च्या दुष्काळात याच बाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि विधवा पुण्याजवळच्या केडगावला घेऊन आल्या. तिथल्या त्यांच्या मुक्ती या संस्थेत पुढे आंधळ्या स्त्रियांसाठी वेगळे सदन निघाले, आणि फसवल्या गेलेल्या, कोणी घरात न घेणाऱ्या स्त्रियांसाठी जे निघाले त्याचे नाव होते कृपा सदन. फुलममध्ये विचारलेल्या प्रश्नाला रमाबाईंनी दिलेले ते उत्तर होते असे मी मानते. त्यात कोणाची परतफेड नव्हती, कारण ज्यांच्याकडून मिळाले आणि ज्यांना दिले ती माणसेच वेगळी होती.

आता आजीचा भोपळा. स्तोत्रसंहितेतल्या ११६ व्या स्तोत्रात भक्त तुझाच प्रश्न विचारतो: परमेश्वराने माझ्यावर केलेल्या सगळ्या उपकारांबद्दल मी त्याचा कसा उतराई होऊ? तुकोबांनाही संतांच्या उपकारांपुढे हाच प्रश्न पडला होता, आणि पायी जीव ठेवला तरी तो थोडाच, असे त्यांचे म्हणणे होते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक म्हणत ते काही उगीच नव्हे. स्तोत्रातला भक्त मात्र पुढच्याच ओळीत एक विलक्षण गोष्ट करतो. काही देण्याऐवजी तो हात पुढे करून तारणाचा प्याला उचलतो, म्हणजे उतराई होण्यासाठी आणखी एक दान घेतो. नवस आणि अर्पण त्यानंतर येते, सगळ्या लोकांसमक्ष, आनंदाने. सुगीच्या सणाचा क्रमही हाच आहे. बाजरीची कणसे, अंडी, कोंबडी, ऊस, भोपळा जे वेदीपुढे ठेवायचे ते आधी शेतात आणि खुराड्यात मिळालेले असते. मंदिरासाठी लोकांनी सोने-रुपे आणून दिले तेव्हा दावीद राजाने प्रार्थना केली की सर्व तुझ्यापासूनच आहे, तुझ्याच हातचे तुला दिले. लिलावात आजीने मोजलेले तीनशे रुपये भोपळ्याची किंमत नव्हती आणि देवाचा हप्ताही नव्हता. मंडळीच्या खर्चाला पैसे लागतात, आणि ते हसतखेळत, एकमेकांची चेष्टा करत जमवायची ही आपल्याकडची रीत आहे, एवढाच तिचा अर्थ.

ती नेहमीच इतकी निर्मळ राहते असे मात्र म्हणणार नाही. दोन घरांत चढाओढ लागते, लाऊडस्पीकरवरून नाव आणि आकडा पुन्हा पुन्हा पुकारला जातो, आणि कोपऱ्यात दोन अंडी ठेवून गेलेल्या म्हातारीकडे कोणी पाहत नाही, तेव्हा आहेराची वही चर्चमध्ये शिरली असे समजावे. मत्तयच्या विसाव्या अध्यायातल्या द्राक्षमळ्याच्या मालकाने तासभर राबलेल्यांनाही दिवसाची पूर्ण मजुरी दिली, तेव्हा सकाळपासून खपलेल्यांनी कुरकुर केली. वही त्या मालकाजवळ नव्हती; ती कुरकुरणाऱ्यांच्या डोक्यात होती. तुझ्या प्रश्नाचे सरळ उत्तर हवे असेल तर ते हे.

परतफेड नाही तर मग मन मानेल तसे वागावे काय, हे तू विचारलेले नाहीस, पण विचारशील. पौलाने रोमकरांस पत्रात हा प्रश्न स्वतःच काढून झटकून टाकला आहे. सहावा अध्याय वाच. इफिसकरांस पत्रातही ‘कर्मांनी नव्हे’ यानंतरचेच वाक्य सत्कृत्यांसाठी आपल्याला घडवले आहे असे सांगते. क्रम तेवढा पक्का धरायचा.

कृपादानांबद्दलची तुझी तक्रार मला मान्य नाही. आपल्या मंडळ्यांत जो गातो, जो चांगली प्रार्थना करतो, जो व्यासपीठावर बोलतो त्यालाच वरदान मिळाले असे धरले जाते, आणि १९०५ मध्ये मुक्तीत जागृती झाली तिच्याबद्दल बोलतानाही लोक अन्य भाषा, म्हणजे प्रार्थनेच्या भरात न शिकलेल्या भाषा, बोलल्याच्या गोष्टी तेवढ्या रंगवून सांगतात. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायातली यादी पाहा. तिथे संदेश आणि शिक्षण आहे, त्याच ओळीत सेवा आहे, बोध आहे, औदार्याने देणे आहे, आणि हसतमुखाने दया करणे आहे; गाण्याचे नावही नाही. येशूचा शिष्य पेत्र म्हणतो, ज्याला जे कृपादान मिळाले ते त्याने कारभाऱ्यासारखे एकमेकांच्या सेवेला लावावे. कारभाऱ्याचा माल स्वतःचा नसतो, म्हणून मिरवायचे कारण नाही आणि दुसऱ्याकडे जास्त का, म्हणून झुरायचेही नाही. रमाबाईंना भाषांचे दान होते. त्या इब्री आणि ग्रीक शिकल्या, आणि अडाणी बाईलाही समजावे म्हणून सगळे बायबल सोप्या मराठीत आणण्यासाठी त्यांनी ते दान झिजवले. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या वारल्या तोवर ते काम उरकले होते, आणि त्याची छपाई मुक्तीतल्या बायकामुलींच्या हातांनी झाली. खिळे जुळवणाऱ्या त्या मुलींची नावे आपल्याला माहीत नाहीत, पण कृपादान म्हणजे काय हे विचारशील तर मी त्यांच्याकडेही बोट दाखवीन. तू आजीला रोज संध्याकाळी वर्तमानपत्र आणि स्तोत्र वाचून दाखवतेस, ‘ळ’ अडखळतो तरी. ते मी सेवेच्या खाली धरते.

त्यावरून आजीचे डोळे. मोतीबिंदू पिकला आहे, डॉक्टरांनी दोनदा सांगितले आहे, आणि तिचे उत्तर ठरलेले असते, “देवाच्या कृपेनं दिसतंय तेवढं पुरे आहे.” तिची श्रद्धा खोटी नाही. पौलाच्या देहातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, देवाने काढला नाही, माझी कृपा तुला पुरेशी आहे असे म्हटले. या वचनावर तिने वैधव्य आणि गुडघेदुखी दोन्ही काढली आहेत. पण इथे ती ते वचन ऑपरेशन टाळायला वापरते आहे, आणि तेवढे तिला आदराने पण स्पष्ट सांगायला हरकत नाही. डॉक्टरच्या हातातले कसबही दानच आहे. ज्या पौलाला कृपा पुरली, त्याच्यासोबत प्रवासात लूक होता, आणि कलस्सैकरांस पत्राच्या शेवटी पौल त्याला ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. हे तिला वाचून दाखव, पौलापुढे ती बोलणार नाही. तारीख तूच घेऊन टाक, नाहीतर ती आधी नाताळावर आणि मग ईस्टरवर ढकलील. पैसे मी मामाच्या खात्यावर पाठवते आहे.

तुझी,
आई