जुन्या वेस्टर्न कादंबरीत एका हिवाळ्यात हजारो गुरं मरतात. असं खरंच घडलं होतं का?

रद्दीत मिळालेल्या तुमच्या कादंबरीत अमेरिकेतल्या मोंटानातल्या एका रँचचा, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या वाडीचा, जवळजवळ अख्खा कळप एका हिवाळ्यात संपतो आणि तुम्हाला ती लेखकाची फेकाफेकी वाटते. फेकाफेकी नाही. वर्णनावरून तो १८८६-८७ चा हिवाळा दिसतोय. मला या विषयाचं जरा वेड आहे, तेव्हा उत्तर लांबलं तर सांभाळून घ्या.

गुरं थंडीने मेली हे अर्धंच खरं, मेली ती उपासमारीने. १८८६ चा उन्हाळा कोरडा गेलेला, माळावर गवताची काडी नाही आणि नवे कळप मात्र येतच होते. कुरण सरकारी, म्हणजे फुकट. आपण नाही चारलं तर शेजारचा चारणार, असा सगळा हिशेब. बहुतेक मोठ्या रँचवर वैरण साठवायची पद्धतच नव्हती. मी गोठ्यामागची कडब्याची गंजी बघत वाढलो. हजारो जनावरं आणि गंजी एकही नाही, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पचलंच नव्हतं.

त्यात बर्फ. नुसता भुसभुशीत असता तर बरीच तगली असती. पण मध्येच ऊब आली, वरचा थर वितळला आणि पुन्हा गोठून त्याची काचेसारखी पापडी झाली. घोडा खुराने बर्फ उकरून खालचं गवत खातो. गाय उकरत नाही, तोंडाने ढकलते. पापडीवर तिचं नाक सोलवटतं, पाय आत गेला की नडगी कापते. जानेवारीत पारा काही ठिकाणी उणे ४० च्याही खाली उतरला. शिवाय हिमवादळात गाय वाऱ्याकडे पाठ करून चालत सुटते आणि तारेचं कुंपण आडवं आलं की तिथेच थिजते. कुंपणाशी गुरांचा ढीग पडल्याचा प्रसंग कादंबरीत असेल तर तो अस्सल समजा.

चार्ल्स रसेल तेव्हा मोंटानातल्याच ज्युडिथ खोऱ्यात गुराखी होता, वय २२. गुरांची खबर विचारणारं पत्र मालकाकडून आलं, तेव्हा उत्तरासोबत त्याने पोस्टकार्डाएवढं एक चित्र काढून दिलं. बर्फात एक हाडांचा सापळा झालेली गाय, आणि तिच्या पडण्याची वाट बघणारे लांडगे. पुढे तो मोठा चित्रकार झाला, पण मला त्याचं हेच चित्र आवडतं.

आकड्यांवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. त्या काळी कळप वहीतल्या नोंदीवर विकले जायचे, शिरगणती कुणी करत नसे. त्यामुळे कधी अस्तित्वातच नसलेली गुरंही या हिवाळ्याच्या नावावर खपवली गेली. पण नुकसान खोटं नव्हतं. पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या थिओडोर रूझवेल्टचा शेजारच्या डकोटातला निम्म्याहून जास्त कळप गेला. ग्रॅनव्हिल स्टुअर्टसारख्या मुरलेल्या रँचवाल्याला तर या धंद्याचाच वीट आला. ज्याला चारा आणि निवारा देता येत नाही असं जनावर पुन्हा पाळायचं नाही, असं त्याने लिहून ठेवलंय.

जे टिकले त्यांनी कळप लहान केले, कुंपणं घातली आणि गवत कापून गंज्या रचायला लागले. तुमच्या कादंबरीत पुढचा उन्हाळा येत असेल, तर तिथे कुणी गवत कापताना दिसतंय का, तेवढं वाचून कळवा.