आजोबांच्या बंदुकीची जुनी काडतुसं दसऱ्याला वाजवता येतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात आजोबांची विलायती बारा बोअर दुनळी आहे, सोबत पत्र्याच्या डब्यात पुठ्ठ्याची काडतुसं आहेत, बहुधा १९६०च्या आसपासची. दसऱ्याला शस्त्रपूजा झाल्यावर त्यातली दोन-चार हवेत वाजवायची आहेत, तर काय काळजी घ्यावी?

वाजवू नका. मी लष्करात वाढलो (फौजेत नाही, आपल्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात). इथे जुन्या मराठी घरांतून अशा दुनळ्या आणि असे डबे पुष्कळ पाहिलेत, आणि क्ले नेमबाजीच्या (हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्या टिपण्याच्या) नादाने काडतुसांशीही बराच संबंध आला. तरी त्या डब्यातलं एकही काडतूस मी स्वतः वाजवणार नाही.

लोकांचा समज असा की जुनं काडतूस म्हणजे फुसकं काडतूस, फार तर वाजणार नाही. जे मुळीच वाजत नाही त्याची मला विशेष भीती नाही. भीती अर्धवट वाजणाऱ्याची आहे. पुठ्ठ्याचं काडतूस दमट हवा पितं. बुडातली ठिणगी देणारी टोपी पेटते, पण आतली दारू नीट जळत नाही, आणि ‘धाड’ऐवजी नुसतं ‘फुस्स’ होतं. छर्ऱ्यांच्या मागे असतं ते नमद्याचं बूच, म्हणजे वॅड, कधी छर्ऱ्यांसकट, नळीतच अडकून बसतं. वाजवणाऱ्याला वाटतं काडतूस बाद निघालं. तो दुसरं भरतो आणि चाप ओढतो. आता वाट बंद आहे, दाब कोंडतो, नळीला कडं पडल्यासारखा फुगवटा येतो किंवा नळी फाटते. दुनळी धरायच्या पद्धतीमुळे डावा हात नेमका नळ्यांखाली असतो.

दुसरी गोष्ट उन्हाळ्याची. धूर न करणारी नायट्रो दारू उष्णतेने हळूहळू विघटित होते, त्यातून आम्लधर्मी वायू सुटतात. आपल्याकडे मे-जूनमध्ये पारा ४५च्या वर जातो, आणि डबा माळ्यावर असेल तर विचारूच नका. थंड, कोरड्या जागी ठेवलेली काडतुसं कित्येक दशकं टिकतात हे खरं. पण तुमच्या डब्याने साठ उन्हाळे आणि साठ पावसाळे कुठे काढले हे आता कोण सांगणार? पितळेवर हिरवा कळंक, टोपीभोवती पांढरट-हिरवी भुकटी, फुगलेला पुठ्ठा, आंबूस वास, यांतलं काहीही दिसलं तर ते काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत) घालूनसुद्धा पाहू नये. फुगलेलं काडतूस अंगठ्याने दाबून बसवणारे महाभाग मी पाहिलेत.

डब्यात सरमिसळ आहे का तेही बघा. २० बोअरचं काडतूस १२पेक्षा बारीक असतं, ते १२ बोअरच्या चेंबरमधून घसरून पुढे नळीत अडकतं. मागून बघणाऱ्याला नळी रिकामी वाटते, तो १२चं भरतो. या अपघातापायीच २० बोअरची काडतुसं पिवळी करायचा प्रघात पडला, पण जुन्या पुठ्ठ्याच्या रंगावर भरवसा नको, बुडावरचा आकडा वाचा.

आता बंदुकीकडे या. खरं तर तुमच्या प्रश्नात मला तीच जास्त मोलाची वाटते. आधी ती उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत याची खात्री करा, मग नळ्या उतरवून खालची, चेंबरजवळची सपाट बाजू भिंगाखाली धरा. विलायती बंदुकीवर तिथे प्रूफचे शिक्के असतात: लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसने जास्त दाबाचं काडतूस वाजवून नळी तपासल्याची खूण. मुकुटाखाली ‘एनपी’ किंवा सरळ ‘नायट्रो प्रूफ’ असेल, तर ती त्या काळी नायट्रो दारूसाठी पास झालेली. नायट्रोची ही चाचणी १८९६च्या नियमांपासून आली. असा शिक्का नसेल तर नळी जुन्या, धूर करणाऱ्या काळ्या दारूसाठीच तपासलेली आहे असं धरून चाला. १९२५ नंतरच्या बंदुकांवर चेंबरची लांबीही कोरलेली मिळते, बहुतेक वेळा अडीच इंच. १९५४ नंतरच्या शिक्क्यांत दाब टनांत लिहिलेला असतो, ‘३ टन’ वगैरे. पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराच्या खुणेत ‘१२’ आणि खाली ‘सी’ असेल तर ती चेंबरची नेमकी लांबी नव्हे, तेवढ्यावर निष्कर्ष काढू नका.

नळीवर वळणावळणाची बारीक नक्षी असेल तर ती दमास्कस. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून केलेली. दिसायला अप्रतिम. पण तिला अंगभर सांधे असतात, आणि जुन्या टोप्या जळल्यावर नळीत क्षार मागे राहतात. ते पाण्याने धुतले नाहीत तर गंज आतून सांधा धरतो, वरून काही कळत नाही. माझं मत विचाराल तर नायट्रोच्या शिक्क्याविना असलेली दमास्कस नळी भिंतीवरच शोभते.

अडीच इंचाच्या चेंबरचा घोटाळा तर चांगल्या जाणत्यांचाही होतो. अडीच इंचाचं चेंबर मिलिमीटरच्या हिशेबात ६५चं म्हणून ओळखतात. आज बाजारात सर्रास मिळतं ते ७० मिलिमीटरचं काडतूस. पण हा आकडा काडतूस वाजून उघडल्यानंतरचा. तोंड दुमडलेलं असताना ते साठच्या आतबाहेर भरतं, त्यामुळे तुमच्या चेंबरमध्ये आरामात बसतं. वाजल्यावर दुमड उघडायला जागा मिळत नाही, कडा पुढच्या अरुंद गळ्यात घुसते आणि दाब वाढतो. म्हणजे ‘जुनी नको तर दुकानातून नवी आणतो’ हाही सरसकट उपाय नाही. आधी जाणत्या गनस्मिथकडून चेंबर मोजून घ्या, नळीची जाडी मापून घ्या (अर्ध्या मिलिमीटरच्या खाली गेलेली नळी विलायती कारागीर बाद धरतात), आतले खड्डे, पोचे, फुगवटे बघून घ्या. टिचकी मारल्यावर नळी घंटेसारखी वाजली म्हणजे मजबूत, हे मात्र खरं नाही. त्यातून दोन नळ्यांना जोडणारी मधली पट्टी सुटलेली नाही एवढंच कळतं.

पुढे कधी रीतसर रेंजवर योग्य काडतूस वापरताना चाप ओढूनही आवाज आला नाही, तर नळी सुरक्षित दिशेलाच रोखून निदान तीस सेकंद थांबा. काही टोप्या उशिरा पेटतात. मग आपला चेहरा बाजूला ठेवून बंदूक उघडा. आवाज किंवा धक्का जरा जरी वेगळा वाटला तर नळीतून आरपार उजेड दिसेपर्यंत पुढचं काडतूस भरू नका.

आता तुम्ही ओझरतं लिहिलेलं, पण मला सगळ्यांत गंभीर वाटलेलं: परवाना आजोबांच्या नावाचा होता आणि ते आता नाहीत. म्हणजे बंदूक आणि काडतुसं दोन्ही आज बिनपरवाना तुमच्या घरात आहेत. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम २१ प्रमाणे विनाविलंब जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ती जमा करावी लागतात. वारसाला स्वतःच्या नावावर परवाना मागता येतो, २०१६च्या नियमांत तशी तरतूद आहे. मात्र २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात. त्याच दुरुस्तीत हर्ष फायरही आलं: निष्काळजीपणे आनंदाचा गोळीबार करून इतरांना धोक्यात घातलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आपल्या ग्वाल्हेर-चंबळ भागात लग्नांतून काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

काडतुसं भंगारात, विहिरीत किंवा विस्तवात टाकू नका, फोडून दारू काढू नका, तेलात बुडवली की निकामी होतात यावरही विसंबू नका. डबा पिशवीत घालून स्कूटरवरून नेण्याआधी ठाण्यात लेखी कळवा, कसं आणायचं ते विचारा, आणि यंदाची पूजा तलवार-कट्यारीची करा. जमा करताना पावती घ्या आणि तिच्यावर बंदुकीचा नंबर आणि काडतुसांचे नग लिहून घ्या. पुढे परवान्याच्या वेळी कोणी हिशेब विचारला तर तोच कागद कामी येतो.