नोंदी चोख आहेत, मग चिंता कसली?

प्रश्न : आमच्या तयार कपड्यांच्या कारखान्याची सामाजिक निकषांवर तपासणी होणार आहे. हजेरीपट आणि पगारपत्रके चोख आहेत. एवढे पुरेसे ठरेल का?

उत्तर : ठरणार नाही. अनुभवी तपासनीस हजेरीपट एकटा वाचत नाही. शिलाई यंत्रांच्या तुटलेल्या सुयांची नोंदवही, रोजचे उत्पादन आणि फाटकावरील नोंदी तो त्याच्याशी ताडून पाहतो, आणि हजेरीत सुट्टी असलेल्या दिवशी सुई बदलल्याची नोंद सापडली की दुहेरी नोंदींचा, म्हणजे दाखवायची एक आणि खरी वेगळी अशा नोंदींचा, संशय पक्का होतो. कामगारांच्या हक्कांविषयीच्या एसए ८००० या आंतरराष्ट्रीय मानकानुसार आठवड्याचे नियमित काम ४८ तासांपेक्षा आणि जादा काम १२ तासांपेक्षा अधिक नसावे, शिवाय जादा काम ऐच्छिक असावे. हा ‘ऐच्छिक’पणा कागदावर नव्हे, कामगारांशी एकांतात बोलल्यावरच कळतो. अर्थात, माल पुरवण्याची मुदत आवळणारी खरेदीदार कंपनीच कामाचे तास मोजायला लावते, ही विसंगती आहेच. आणीबाणीची दारे मात्र आजच उघडून पाहा. कराचीच्या अली एंटरप्रायझेस कारखान्याला याच एसए ८००० मानकाचे प्रमाणपत्र मिळून काही आठवडेच झाले होते, तेव्हा सप्टेंबर २०१२ मध्ये तेथे लागलेल्या आगीत २५० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. बाहेर पडण्याच्या वाटा बंद होत्या.