स्पीकरवरची लेक

प्रश्न : निमाणीहून नाशिकरोडला मी रोज बसने जाते. परवा शेजारच्या बाईंचा फोन स्पीकरवर होता. लेकीच्या सासरचं भांडण अख्ख्या बसने ऐकलं. मीही ऐकलं. त्यांना काही बोलायला हवं होतं का?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : ताई, ऐकलंत यात तुमचा दोष नाही. कान काही मिटता येत नाहीत.

मला सीबीएस बसस्थानकाजवळचा पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ आठवतो. काचेचं दार ओढून घ्यायचं, समोर बिलाचे लाल आकडे पळत राहायचे. वडील गेले तेव्हा भावाला मी तिथूनच कळवलं. बाहेर रांग होती; मी रडतोय हे लोकांना दिसलं, पण शब्द आतच राहिले. भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५चा. पुढे फोन खिशात आला आणि ते दार गेलं.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. तो त्या लेकीचाही आहे, आणि मला खरी काळजी तिचीच वाटते. आईशी एकांतात बोलतेय असं समजून ती मन मोकळं करत होती!

म्हणून जरूर बोला, पण हळू : “मावशी, स्पीकर चालू आहे, लेकीचं सगळ्यांना ऐकू जातंय.” रागावू नका. त्या खिडकीशी असतील तर जागा बदलून द्या. वाटेतल्या द्वारका चौकाच्या कोंडीत हॉर्नमुळे फोन कानाला लावूनही काही कळत नाही.