ब्रश उकळू नका भाऊ, वाळू द्या

भाऊ, तुम्ही विचारून राहिले की चौघांचे ब्रश एकाच ग्लासात असतात, तळाशी काळा चिकट थर जमतो, तर ब्रश रोज उकळायचे का किरणांनी जंतू मारणारा तो यूव्हीवाला डबा मागवायचा. मी म्हणतो दोन्ही राहू द्या. आपल्या तोंडातच शेकडो जातींचे जंतू बसलेले, चकाचक केलेला ब्रश एकदा तोंडात गेला की पुन्हा तेच. यूव्हीनं जंतू कमी होतात हे खरं, पण धडधाकट माणसाला त्याची गरज नाही. अन् ब्रिसल्स असतात नायलॉनचे, उकळून उकळून वाकडे झाले की दात नीट घासल्याच जात नाहीत.

खरी भानगड ओलाव्याची आहे. मे महिन्यात नागपुरात पारा 45 च्या आसपास असला की ब्रश आपोआप खडखडीत वाळतो, पण जुलै-ऑगस्टात सकाळचा ब्रश रात्री हातात घ्या, ओलाच लागते. म्हणून वापरून झाला की नळाच्या धारेखाली अंगठ्यानं ब्रिसल्स फाकवून पेस्ट, अन्नाचे कण सगळं काढा, बेसिनवर दोनदा झटका अन् डोकं वर करून मोकळ्या हवेत उभा ठेवा. ते प्लास्टिकचं टोपण प्रवासापुरतं ठीक, घरी लावलं की आत ओल कोंडते.

तो काळा थर म्हणजे दांड्यावरून ओघळलेलं पाणी, पेस्ट अन् त्यावर धरलेली बुरशी. ग्लास काढाच, खाली भोकं असलेला स्टँड घ्या, आठवड्यातून एकदा भांड्याच्या साबणानं घासा. ब्रशची डोकी एकमेकांना टेकू देऊ नका, घरात कोणाच्या हिरड्यांतून रक्त येत असेल तर तिथं जास्तच सांभाळा. संडास-बाथरूम एकत्र असेल तर झाकण लावूनच फ्लश करा, नाहीतर बेसिन बाहेर असेल तर ब्रश तिकडेच बरे.

एवढं करूनही मन मानत नसेल तर 3 टक्केवालं हायड्रोजन पेरॉक्साइड नाहीतर जंतुनाशक माउथवॉश वाटीत घेऊन ब्रशचं डोकं थोडा वेळ बुडवा, मग साध्या पाण्यानं धुवा, पण एकाच वाटीत चौघांचे बुडवू नका बाप्पा! घरात कोणाची केमो वगैरे चालू असेल तर मात्र डॉक्टरलेच विचारा.

ब्रश 3-4 महिन्यांनी बदलायचा, म्हणजे पोळ्याला काढलेला संक्रांतीआधी गेला पायजे, ब्रिसल्स फाकले तर त्याच्याही आधी. जुना कूलरच्या जाळीले कामी येते, फक्त दांड्याले दोरा बांधून ठेवा, नाहीतर पाहुणा उचलून घेईल.